अनुदानाचा अर्ज आणि आपली सेवा





देवगाव फाटा हे काही क्षेत्र नव्हे. जिंतूर-मंठा रस्त्यावरून सेलूकडे वळायचा हा फाटा. गाड्या थांबतात, चहा होतो, माणसे आपापल्या गावाला पांगतात. पण फाट्यावर राहणाऱ्याला चार गावांचे बोलणे आपोआप कानी येते. अलीकडे हरिपाठ संपल्यावर, सप्ताहाच्या पंगतीत, दुकानाच्या ओट्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो : 'महाराज, शासन आता दिंड्यांना, भजनी मंडळांना, कलावंतांना पैसे देते. आपण अर्ज करावा की करू नये?' तरुण पोरे म्हणतात, दुसऱ्या गावांनी घेतले, मग आपणच का मागे राहायचे? जुनी माणसे म्हणतात, पांडुरंगाच्या दारात उभे राहिल्यावर आणखी कोणाचे दार कशाला पुजायचे? एका मंडळात तर या वादाने समोरासमोर उभे राहणारे टाळकरी एकमेकांशी बोलेनासे झाले. म्हणून हा विषय लिहायला घेतला.

माझे आयुष्य कीर्तनात गेले. आता गुडघे साथ देत नाहीत, गादीवर उभे राहणे सुटले. पण सेवेला घेतलेल्या अभंगाचा शब्द न् शब्द तपासून पाहायची सवय सुटलेली नाही. तीच सवय या अर्जाच्या कागदाला लावली. कागद काय मागतो, काय देतो आणि त्याला काय दिसत नाही, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी काय मिळते ते पाहू. ऐकीव गोष्टीवर वाद घालू नये. २०२४ च्या जून महिन्यात राज्याच्या अर्थसंकल्पात आषाढी वारीच्या दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे जाहीर झाले. २०२५ मध्ये मानाच्या १० पालख्यांबरोबरच्या १,१०९ दिंड्यांसाठी २ कोटी २१ लाख ८० हजार रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला आणि त्या निमित्ताने १,८०० भजनी मंडळांना भजनाचे साहित्य घेण्यासाठी प्रत्येकी २५,००० रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर झाले. ही रक्कम साडेचार कोटींची. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना तर १९५४-५५ पासूनची आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पूर्वी तिच्यात अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि गावपातळीवरच्या कलावंताला सर्वांत कमी मिळे. २०२४ मध्ये श्रेणी काढून सर्वांना महिना ५,००० रुपये असा एकच दर केला. याखेरीज तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी यांच्या पथकांना राज्याचे अनुदान आहे, आणि केंद्र शासनाच्या सांस्कृतिक केंद्रांच्या योजना आहेत. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

आता जुन्या माणसांचा पूर्वपक्ष घेऊ. ते म्हणतात, तुकोबारायांकडे शिवाजी महाराजांचा नजराणा आला तो त्यांनी परत पाठवला, मग आपण कोण घेणारे? ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे, मीही कितीदा सांगितली आहे. पण तिचे मर्म पाहा. तो नजराणा तुकोबांच्या देहासाठी, त्यांच्या घरासाठी आला होता. जे विरक्ताला नको होते ते त्यांनी घेतले नाही. वारीच्या कामी आलेला आश्रय मात्र संप्रदायाने नाकारलेला नाही. हैबतबाबा आरफळकरांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी अश्व आणि तंबू दिला. आजही अंकलीहून अश्व आळंदीला येतात आणि माउलींचा मुक्काम त्या तंबूत असतो. रिंगणात अश्व धावू लागला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आपणच धावतो. तो अश्व संस्थानिकाच्या पागेतला आहे म्हणून कोणी माती लावायची थांबवली नाही.

मग भेद कुठे आहे? शितोळ्यांनी अश्व दिला, पण रिंगण किती वेळ चालावे, दिंड्यांचा क्रम काय असावा, अभंग कोणते घ्यावेत, हे ठरवायला ते बसले नाहीत. ते हैबतबाबांनी आणि फडकऱ्यांनी ठरवले. दाता सेवेच्या बाहेर उभा राहिला, म्हणून दान पचले. याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. त्यांना छत्रपतींच्या घराण्याकडून इनाम मिळाले, सेवेची सोय झाली, आणि पुढच्या पिढ्यांत हक्कांवरून वादही झाले. सोय आणि वाद एकाच दाराने आत आले.

आणि तिसरे उदाहरण आळंदीचे. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. विद्यार्थ्यांनी मधुकरी मागावी, चार वर्षे अभ्यास करावा, आणि शिकण्याचे मोल कोणी घेऊ नये, असा तिचा शिरस्ता. सरकारी अनुदानाची वाट पाहत जोग महाराज बसले असते तर आज महाराष्ट्रातल्या निम्म्या गाद्या रिकाम्या दिसल्या असत्या. म्हणजे अनुदान घेऊनही सेवा होते आणि न घेताही होते. म्हणून 'घ्यावे का' या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही. साहित्याला, पाण्याला, निवाऱ्याला, म्हाताऱ्याच्या औषधाला घ्यायला माझी हरकत नाही. तो पैसा आपल्याच करातून गेलेला आहे. शासन तो वारकऱ्याच्या वाटेवर खर्च करत असेल तर त्यात भीक नाही. मात्र त्या पैशासाठी सेवेचे रूप बदलावे लागणार असेल तर हात मागे घ्यावा.

रूप बदलते कसे, ते अर्जातल्या शब्दांवरून कळते. पहिला शब्द 'सादरीकरण'. अशा अर्जांत हटकून विचारतात : सादरीकरणाचा कालावधी किती? कलावंत किती? प्रेक्षक किती? आता वारकरी कीर्तनाला हे प्रश्न लावून पाहा. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे आहेत, मागे विणेकरी, एका अंगाला मृदंगी, समोर श्रोते. कीर्तनकार चरण सोडतो तो टाळकरी उचलतात, गजराला श्रोतेही टाळी धरतात. यात कलावंत कोण आणि प्रेक्षक कोण? मंडपातला म्हातारा मान हलवत चाल धरतो, त्याला कोणत्या रकान्यात घालायचे? नाटकाला, तमाशाला हा रकाना बसतो, कारण तिथे पडदा आहे, तिकीट आहे, या बाजूला नट आणि त्या बाजूला पाहणारा आहे. त्या कला खोट्या किंवा हलक्या नव्हेत. तमाशाच्या फडातही गणाने आरंभ होतो. पण त्यांच्यासाठी शिवलेला अंगरखा आपल्याला घातला की बाही लोंबते.

आपण रकाना रिकामा सोडत नाही, हीच अडचण आहे. प्रेक्षक विचारले की पाचशे लिहितो. मग पाचशे दिसावेत म्हणून छायाचित्राच्या वेळी माणसे गोळा करतो. कालावधी विचारला की ठराविक मिनिटे लिहितो, आणि पुढे खरोखर तेवढ्यातच आटपू लागतो. मला एकदा एका संस्थेने कार्यक्रमाला बोलावले होते. आधी निरोप आला, वीस मिनिटांत बसवा. मग दुसरा निरोप आला, नमन आणि गजर काढून टाका, विनोदाचा दृष्टांत राहू द्या, आणि टाळकरी सर्व एका रंगाच्या फेट्यात हवेत. मी गेलो नाही. गेलो असतो तर फेटे दिसले असते, पण पावलीला जागा नव्हती आणि अभंग पुरा होणार नव्हता. अशा ठिकाणी नकार देणे सोपे असते, कारण मागणी तोंडावर आलेली असते. अर्जातली मागणी तोंडावर येत नाही. ती हळूहळू आपल्या अंगवळणी पडते.

दुसरा शब्द 'लाभार्थी'. ज्याला लाभाची इच्छा आहे तो. शासनाच्या भाषेत हा शब्द सरधोपट आहे, त्यात अपमानाचा हेतू नाही. पण ज्या म्हातारबांनी चाळीस वर्षे वीणा खांद्यावर घेऊन पहारा दिला, सप्ताहात रात्री दोनच्या प्रहराला ती खाली ठेवली नाही, त्यांच्या नावापुढे हा शब्द वाचताना मला बरे वाटत नाही. त्यांना गावाने दिले त्याहून त्यांनी गावाला अधिक दिले आहे. सुदैवाने मानधनाच्या योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आहे. अर्जाच्या खिडकीपाशीही तो आठवावा, एवढेच.

तिसरा शब्द 'पुरावा'. मानधनासाठी वयाची ५० वर्षे आणि कलेच्या क्षेत्रातली १५ वर्षांची कामगिरी लागते. अट रास्त आहे. पण कामगिरी दाखवायची कशी? प्रमाणपत्रे, वर्तमानपत्राची कात्रणे, छायाचित्रे. ज्याने मोठ्या मांडवात कीर्तने केली त्याच्याकडे कात्रणांचे गाठोडे असते. विणेकऱ्याचे कात्रण कोण छापणार? काकड्याला पहाटे चारला उठून मंदिर झाडून समई लावणाऱ्या, आणि भूपाळीपासून आरतीपर्यंत सर्व पाठ असणाऱ्या मावशीचे छायाचित्र कोणी काढले? आमच्या जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईंचे गाव. दळता-कांडता जे गायिले गेले त्याने हा संप्रदाय उभा राहिला. आजच्या नियमांत जनाबाईंचा अर्ज भरायचा म्हटले, तर कागदपत्रांच्या रकान्यात काय जोडणार?

या योजनेचा हिशोबही पाहा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६०,००० रुपये आहे. मानधन महिन्याला ५,०००, म्हणजे वर्षाला ६०,०००. शासन जेवढी रक्कम सन्मानाने जगायला देते, तेवढीच ज्याची कमाई आहे तोच गरीब, त्याच्यावर गेला की दाराबाहेर. कोरडवाहू चार एकर असलेला, कर्जात बुडालेला मृदंगी कागदावर या रेषेच्या वर जाऊ शकतो. शिवाय जिल्ह्याला वर्षाला शंभर नावे. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी अकरा. या अकरांत कीर्तनकार आले, गोंधळी आले, वासुदेव, शाहीर, भारुडी, तमाशातले कलावंत आणि साहित्यिकही आले. श्रेणी काढल्या हे उत्तम झाले, त्याबद्दल शासनाचे अभिनंदनच करावे. पण जागा आणि मर्यादा यांचा विचार अजून बाकी आहे.

भजनी मंडळांच्या अनुदानाचे तसेच. १,८०० ही संख्या मोठी वाटते. छत्तीस जिल्ह्यांत वाटली की जिल्ह्याला सरासरी पन्नास, आणि आमच्या एका तालुक्याला पाच-सहा. इकडे तर गावात दोन-दोन मंडळे आहेत. अर्जाची मुदत २०२५ मध्ये २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर अशी पंधरा दिवसांची होती, आणि त्यातच २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. ज्या दिवसांत मंडळे रोज रात्री भजनाला बसतात तेच दिवस अर्ज भरायला दिले. अर्ज ऑनलाइन, म्हणजे ओटीपी आला पाहिजे, फाइल चढली पाहिजे, वीज आणि रेंज दोन्ही पाहिजेत. ज्या मंडळात एखादा शिकलेला पोरगा आहे त्याचे काम झाले, ज्यात सगळे साठीच्या पुढचे आहेत ते बसून राहिले. भजनाची खरी गरज कोणत्या मंडळाला आहे, हे या पद्धतीत कळत नाही.

दिंडीच्या वीस हजारांवर तर वारकऱ्यांतच दोन मते झाली. काहींनी स्वागत केले, काही म्हणाले, आम्ही मागितले नव्हते. दोनशे माणसांची दिंडी धरली तर माणशी शंभर रुपये होतात. एवढ्याने कोणी विकले जात नाही आणि एवढ्याने वारीही होत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. यादी मानाच्या पालख्यांबरोबरच्या दिंड्यांची. आपल्या मराठवाड्यातून पैठणच्या नाथांची पालखी त्या दहांत आहे. पण वीस-पंचवीस माणसांची जी दिंडी कोणाच्याही मागे नाही, आपल्या गावाहून आपली पताका घेऊन आपल्या वाटेने जाते, शाळेच्या ओसरीत झोपते आणि गावकऱ्यांनी दिलेल्या पिठल्या-भाकरीवर पंढरी गाठते, तिचे नाव त्या यादीत कसे यावे? पैसा पोहोचतो तो जिथे आधीच व्यवस्था आहे तिथे. पाणी उताराकडे जाते तसे हे. दोष कोणा एका माणसाचा नाही, पण पाट काढणाऱ्याने उंचावरचे शेत पाहायला हवे.

शासनावर इतके बोललो, आता आपल्या घराकडे वळू. येथे मी अधिक कठोर होणार आहे, कारण घर आपले आहे.

पहिली गोष्ट, कागदावरची मंडळे. अनुदान निघाले की फलक लावलेली, शिक्का बनवलेली, पण एकादशीला मंदिरात कधी न दिसलेली मंडळे उगवतात. त्यांच्या मागे कागद जुळवून देणारा कोणी मध्यस्थ असतो. 'महाराज, तुम्ही फक्त सही करा, आलेल्यातले इतके तुमचे, इतके आमचे.' असा सौदा करून घेतलेल्या मृदंगावर हरिनामाचा ठेका कसा वाजणार? दुसरी गोष्ट, बिदागी. सप्ताहाला नावाजलेला कीर्तनकार आणायला गाव पट्टी गोळा करून मोठमोठी पाकिटे देते. त्याच गावात पोरांना फुकट टाळ आणि पाठ शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला नारळ आणि उपरणे. आम्ही कीर्तनकारांनी शासनाला निष्कामतेचा उपदेश करण्याआधी आपल्या पाकिटाकडे पाहावे. अनुदानाने सेवा बाटते असे म्हणणाऱ्याने बिदागी ठरवून घेतली असेल, तर त्याचे बोलणे कोण ऐकणार?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि हा सगळा लेख मी तिच्यासाठी लिहीत आहे. आमच्या आजूबाजूच्या गावांत आता सप्ताह बसला की मृदंगी बाहेरून सांगावा लागतो. मृदंग आहे, वाजवणारा नाही. मंदिराच्या कोनाड्यात पुडी फाटलेला मृदंग पडून असतो, त्याच्या धुमाला कणीक किती आणि कशी लावायची हे सांगणारा माणूस गेला. काकड्याच्या जुन्या चाली दोघा-तिघांच्या गळ्यात उरल्या आहेत. पंचपदीची चाल ध्वनिक्षेपकावर लावतात आणि पोरे खाली बसून मोबाइल पाहतात. आता अशा गावाला पंचवीस हजारांचे साहित्य दिले तर काय होईल? जुन्या मृदंगाशेजारी नवा मृदंग ठेवला जाईल. भांडवली अनुदानाने भांडवल वाढते. आपले खरे भांडवल गळ्यात आणि हातात आहे, आणि ते म्हातारे होत चालले आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की मागायचेच तर शिकवण्यासाठी मागा. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक केंद्रांकडे गुरू-शिष्य परंपरेची योजना आहे. महाराष्ट्र नागपूरच्या आणि उदयपूरच्या, दोन्ही केंद्रांच्या कक्षेत येतो. या योजनेत गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये, सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, अशी तरतूद आहे. रक्कम थोडी आहे, मुदतही थोडी. मृदंग एका वर्षात येत नाही. पण तिची घडण आपल्या परंपरेला जवळची आहे : एक जाणता, एक साथीदार, चार-पाच शिकणारी मुले. माझ्या ओळखीच्या मंडळांना साहित्याचे अनुदान ठाऊक आहे, ही योजना ठाऊक नाही. राज्य शासनालाही आपण हेच सांगावे. लोककलांची शिबिरे ते भरवतेच. पण दहा दिवसांच्या शिबिराने ओळख होते, विद्या होत नाही. गावातल्या एका मृदंगाचार्याला तीन वर्षे सांभाळा आणि पाच मुले तयार करून घ्या, अशी योजना मागावी.

जगातही हेच मानले गेले आहे. २००३ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या रक्षणाचा करार केला, २००५ मध्ये भारताने तो स्वीकारला. एका पिढीकडून दुसरीकडे जे जाते त्यालाच तो करार वारसा म्हणतो, आणि त्याच्या रक्षणात शिकवण्याला स्थान देतो. ज्या समाजाची ती परंपरा आहे त्याची संमतीही नामांकनासाठी आवश्यक धरतो. पंढरीच्या वारीचा प्रस्ताव युनेस्कोकडे पाठवण्याचे २०२४ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झाले. तो जावा, मानही मिळावा. पण वारसा म्हणून जे नाव नोंदवायचे ते आपल्या पोरांच्या गळ्यात उतरले आहे का, हे आधी आपणच तपासायचे आहे.

आता ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. मंडळाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात करून घ्या. संस्था नोंदवायला सात सभासद लागतात, ती सात नावे खरोखर भजनाला येणाऱ्यांची असू द्या. खाते मंडळाच्या नावाने काढा, कोणा एकाच्या नावाने नको. ठराव गावासमोर वाचून दाखवा. अर्जात जे करता तेच लिहा : एकादशीचे भजन, रोजचा हरिपाठ, वर्षाचा सप्ताह, शिकणारी मुले किती. 'प्रेक्षक' विचारले तर 'सर्व सहभागी' असे लिहून संख्या खरी द्या. नामंजूर झाला तर होऊ द्या. कागद नातवाकडून भरून घ्या, मध्यस्थाकडून नको. आणि पुराव्याची तयारी आजपासून करा. मंडळाची एक वही घाला; त्यात तारीख, ठिकाण, वीणा कोणी घेतली, मृदंग कोणी वाजवला, अभंग कोणते झाले, एवढे लिहा, खाली गावातल्या दोघांच्या सह्या घ्या. ज्या विणेकऱ्याचे कात्रण कोणी छापले नाही, त्याची कामगिरी या वहीत राहील.

पैसे आल्यावर पै-पैचा हिशोब ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र हा शब्द ऐकून लोक कपाळाला आठ्या घालतात, त्यांना हा सरकारी जाच वाटतो. पण हिशोब ही आपल्याकडची जुनी साधना आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथबाबा एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागले, चूक सापडली तेव्हा त्यांना टाळी वाजवण्याइतका आनंद झाला, आणि त्याच एकाग्रतेकडे बोट दाखवून स्वामींनी त्यांना परमार्थाची वाट सांगितली. दामाजीपंतांची कथा तर याहून उघड आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले. पुढे पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी गेला, धान्याचे मोल भरले, आणि रिकाम्या हाताने परतला नाही. त्याने पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत आणून ठेवली. देवाला पावतीची गरज नव्हती. पण सरकारी मालाचा व्यवहार आहे, आपल्या भक्तावर बोट उठू नये, याची काळजी त्यानेही घेतली. मग आपण मृदंगाचे पक्के बिल जपून ठेवायला कंटाळा का करावा?

एवढे करूनही अनुदान मिळाले नाही, किंवा घ्यायचे नाही असे मंडळाने ठरवले, तरी काही बिघडत नाही. मग गावाने एक करावे. सप्ताहाच्या पट्टीतला दहावा हिस्सा शिकवणाऱ्यासाठी बाजूला काढावा. काल्याच्या कीर्तनाचे पाकीट तेवढे हलके झाले तरी काला गोडच लागेल. ज्याला काकड्याच्या चाली येतात त्या माणसाच्या घरी दोन मुले आठवड्यातून तीन दिवस पाठवावीत. त्याच्या घरात धान्य आहे का, त्याचे डोळे तपासले का, हे मंडळाने पाहावे. ज्या मंडळात शिकणारी मुले आहेत त्याने निर्धास्त अर्ज करावा. अनुदान आले तर त्याचे चीज होईल, न आले तर शिकवणे थांबणार नाही. ज्या मंडळात शिकणारे कोणी नाही त्याने अर्ज थोडा बाजूला ठेवून आधी दोन मुले शोधावीत. येत्या एकादशीला आपल्या मंदिरात भजन झाल्यावर एवढे पाहा की पंधरा वर्षांच्या आतल्या किती हातांत टाळ आहेत. मग अर्जाचे काय करायचे ते मंडळाने एकत्र बसून ठरवावे.

रामकृष्ण हरी.